उतारावरचा तबेला

आई, आपल्या वैशाखरे गावाजवळ मी घोड्यांसाठी जागा बांधली. तबेला, घोडेस्वारी शिकवायचं रिंगण, पाहुण्यांना चार खोल्या. तू गेलीस तेव्हा माझं आर्किटेक्टचं शिक्षणही संपलं नव्हतं, म्हणून सांगते. मुंबईच्या एका गृहस्थांनी डोंगराच्या पायथ्याला जमीन घेतली आणि मी इथलीच, म्हणून माझ्याकडे आले.

पहिल्याच भेटीत त्यांनी हवेत हात फिरवून सगळं ठरवून टाकलं. जेसीबीनं उतार सपाट करायचा, भातखाचरं बुजवून तिथं रिंगण, भोवती उंच पांढरी भिंत. त्या भिंतीनं ओहोळ अडत होता आणि वरच्या पाड्यातल्या मुलांची शाळेची वाटही. मी नको म्हटलं. ते हसले. "मॅडम, लोक घोडे बघायला येणार, भात बघायला नाही." माझ्या हातात तेव्हा दुसरं मोठं काम नव्हतं. त्यांचं ऐकून घेणं सोपं होतं. पण मला बारावीनंतरची ती सकाळ आठवली. मुंबईला शिकायला जायचंय, असं मी चुलीपाशी बसून पुटपुटतेय. तू भाकरी उलटतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, "चुलीला काय सांगतेस गो? बापाला सांग, मोठ्यानं. नाय म्हनला तर परत सांग."

इथंही परत सांगितलं. रिंगण वरच्या मुरमाड माळावर, तिथं पाणी साचत नाही. तबेला उताराच्याच टप्प्यांवर, बैठा, कौलारू, इथल्या काळ्या दगडाचा. खाचरांत भात, त्याचा पेंढा घोड्यांखाली, लीद पुन्हा खाचरांत. वाट आणि ओहोळ मोकळे. "पटत नसेल तर दुसरं कुणी बघा," म्हणत मी नकाशे गुंडाळले.

बरेच दिवस गेले. मग त्यांचा फोन आला, "भर पावसात एकदा जागा दाखवा." दाखवली. खाचरं तुडुंब, माळावर मात्र पाणी थांबत नव्हतं. छत्री सावरत त्यांनी बुटानं माळ दाबून बघितला. "बरं, वर बांधा," म्हणाले.

घोडे आले त्या दिवशी मी रस्त्यावर होते. लाकडांचा भारा उतरवून गावातली एक बाई थांबली. "एवढं बांधलं म्हनतात, हाय कुठं? दिसत नाय." मी बोट दाखवलं. मोहाच्या झाडांआड कौलं, आणि एका दारातून डोकावणारी पांढरी घोडी. "आगं बाय!" म्हणत ती हसतच सुटली. कामाचं इतकं मोठं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

हे पत्र माझ्या टेबलाच्या खणातच राहील. एक तेवढं तुलाच सांगते. घोडीवर बसा ना, असं ते गृहस्थ दर खेपेला म्हणतात. मी म्हणते, साडी नेसलेय, घाईत आहे. आई, मला घोड्यांची भीती वाटते.