तापीबाईंचा शेजार

नंदुरबार, ता. १२ फेब्रुवारी १९६१

ती. रतिलालदादास,
धाकटी बहीण छबूचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या गल्लीत म्युनिसिपालटीचे लोक चुन्याच्या रेघा मारून गेले. रस्ता रुंद होणार. माझा ओटा, शिवणयंत्राची खोली, सगळंच जाणार. रुळांपलीकडे नवे प्लॉट देताहेत. काल चिठ्ठ्या निघाल्या आणि मला हमरस्त्यावरचा कोपरा लागला! लोक म्हणतात, छबूबाई, आता शिवणाचं दुकान टाका.

पण शेजारच्या तापीबाईंना पार टोकाला नाल्याकडे जागा मिळाली. त्यांची दृष्टी गेली आहे हे तुम्ही जाणताच. मागे मला विषमज्वर झाला, तेव्हा चाचपडत चूल पेटवून त्यांनीच पेज पाजली. त्यांना विचारलं तर म्हणतात, मन्ही काळजी करू नको बाई, तुन्हं दुकान चालाले जोयजे. माझं दुकान चालायला हवं म्हणतात, पण तोंड मात्र भिंतीकडे. कोपरा सोडावा का, सांगा.

वहिनींना नमस्कार. आठवण काढत जा, उचक्या लागल्या तरी चालतील.
तुमची,
छबू

प्रकाशे, ता. २० फेब्रुवारी १९६१

चि. छबूस आशीर्वाद.

कोपरा सोडायचं मनातही आणू नकोस. विधवा बाईला धंद्यावाचून आधार नाही. तापीबाईंना पुतण्या आहे ना? तो बघेल. तुझा जीव तिथे रमत नसेल तर सरळ इकडे ये. केळीला पाणी देणारे हात कमीच आहेत, असं तुझी वहिनी म्हणते. ती थट्टा करते, मी नाही.

माया आहे म्हणून रागावतो.
रतिलाल

नंदुरबार, ता. २८ मे १९६१

ती. दादास,
छबूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मोडला. तापीबाईंच्या लगतचा प्लॉट किराणावाल्या हिलालभाऊंना लागला होता. तो मी घेतला, कोपरा त्यांना दिला. कारकून म्हणाला, अदलाबदल होत नाही. मग मी मुख्याधिकाऱ्यांची वाट बघत व्हरांड्यात बसले. त्यांनी विचारलं, पुढे पस्तावाल तर? म्हटलं, पस्तावेनही, पण शेजारी बसून पस्तावेन. ते हसले आणि सही केली. ते कळल्यावर आणखी चार घरांनी बदल करून घेतले. निम्मी गल्ली पुन्हा एकत्र आली.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. एकदा रडलेही. मग हिलालभाऊंनी माझी झबली आपल्या दुकानापुढे टांगली. आता तापीबाई बटणं लावतात, मी यंत्र चालवते, आणि दारात बायकांची बैठक असते. परवा जुनं घर पाडलं. बघायला गेले नाही. जमलं नाही.

राग ओसरला असेल तर दोन ओळी लिहा.
तुमची,
छबू

प्रकाशे, ता. ६ जून १९६१

चि. छबूस आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने दोनदा वाचायला लावलं. आपली मीना सातवी पास झाली. हायस्कूलसाठी तुझ्याकडे राहायचा हट्ट धरून बसली आहे. मी नाही म्हणत होतो. तू दिवसभर शिवणात गुंतलेली, वाढत्या पोरीकडे कोण बघणार? वहिनी म्हणाली, आता तिथे एक छबूच आहे का?

सोमवारी मीनाला घेऊन येतो. तिची खाट तुझ्याकडे लाव. जेवायला ती कुणाच्या घरी बसेल, ते तुमच्या गल्लीनं ठरवावं.

तुझा,
रतिलाल