पिकअपच्या मागचं नाव

करिष्मा,

मी मितेशची बायको. लग्नाआधी ह्यांनी रंगवून घेतलेलं तुझं नाव आमच्या जुन्या पिकअपच्या मागं अजून हाय. ते चमकावं म्हणून हे रोज खाडीच्या पाण्यानं गाडी धुवायचे. त्या खाऱ्या पाण्यानं खालची ब्रेकची नळी गंजून फुटली आणि राहनाळच्या उतारावर गाडी गोदामाच्या भिंतीत घुसली.

दवाखान्यात शुद्धीवर येताच ह्यांनी विचारलं, "करिष्मा कशी हाय?"

मी म्हटलं, "तिला ओरखडाही न्हाय."

आता म्हणतात, गाडीचंच विचारत होतो.

हे पत्र पाठवायचं तर तुझा पत्ता ह्यांनाच विचारावा लागेल. आणि तो ह्यांना पाठ निघाला, तर मी काय करू?

तुझं नाव मागं घेऊन फिरणारी,
मनाली