कागेउराहून रोज येणारं पत्र

श्रूजबरी,
८ फेब्रुवारी २०२६

चि. यशोधन,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत, असं वीणानं मला न विचारताच लिहून टाकलंय. ही नागपूरची, आपल्या बेसमेंटमध्ये राहून शिकते. मी बोलते, ती लिहिते. मराठी वाचायला तुला तासभर लागेल. लागू दे, जपानी शिकलास ना?

तुझ्या प्रबंधातल्या त्या जपानी गावाची, कागेउराची, माझी परीक्षा घे बघू. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला वाटीसारखा समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. भात थोडा, मासळी फार. कोळ्यांची तीन गावं मिळून एक गाव झालं. पुढे माणसं उरेनात, म्हणून वीस वर्षांपूर्वी शेजारच्या शहरात घातलं नि नाव पुसलं. म्हातारे पत्त्यावर अजून जुनंच नाव घालतात, पोस्टमन मुकाट्यानं पोचवतो. सासरी माझंही नाव बदललं होतं. मी काही दुसरी झाले नाही.

अडाणी आजीला एवढं पाठ कसं, म्हणशील. ऑक्टोबरात तिथून तुझं पत्र आलं, त्यात हे सगळं होतं. तेव्हापासून तुझा बाबा चहाच्या वेळी येतो, "आई, यशचं पत्र आलंय!" तुझं इंग्रजी मला मराठीत सांगतो. रोज. रोज नवीन. मीही रोज विचारते, "हो का? काय म्हणतो?"

वीणा थांबलीय. लिही गं.

तुझ्या आईनं बजावलंय, मे महिन्यात तू प्रबंध देईपर्यंत तुला कळवायचं नाही. नंदूला, तुझ्या बाबाला, विसरण्याचा आजार आहे. औषध नाही, वाढतच जाणार. "सुट्टी घेतलीय" म्हणून तुला फोनवर सांगितलं, ती सुट्टी नाही, त्याची नोकरी गेली. घरभर कपाटांवर चिठ्ठ्या लावल्यात. मला वाचता येत नाहीत, त्याला वाचून उपयोग होत नाही. दिवसभर आम्ही दोघंच. गुरुवारी घरातल्या चपलांवर बर्फात निघाला, ऑफिसला म्हणे. मी हात धरून मागं मागं. ऐंशीची बाई ओढून कितीसं ओढणार? थंडी वाजली तेव्हा आपणहून वळला.

काल पत्र पुरं वाचलं, घडी घातली, म्हणाला, "छान लिहितो. कुणाचा गं मुलगा?"

मी म्हटलं, "आपल्यातलाच आहे."

मे फार लांब आहे, बाळा. मी कळवलं हे आईला सांग हवं तर, बोलणी खायला मी आहे. आलास की दारातच गळ्यात पडू नकोस, तो घाबरतो. आधी नाव सांग. लागलं तर पुन्हा सांग.

तुझी आजी,
आणि अजून तरी त्याची आई