वॉकर बाल्कनीत ठेवला, त्याबद्दल

झूटरमेर,
शनिवार, १८ एप्रिल २०२६

प्रिय वहिनी,

काल दुपारी सव्वातीनला आमच्या कॉलेजच्या हानेकबाईंचा फोन आला. फिजिओथेरपीच्या पदवीला मला जागा मिळाली. यादी मी सकाळीच पाहिली होती, पण माझ्या डच वाचनावर माझा अजून भरवसा नाही, म्हणून त्यांच्याकडून पक्कं करून घेतलं. त्या म्हणाल्या, "तुझंच नाव आहे गं. असलं आडनाव त्या यादीत दुसऱ्या कुणाचं असणार?" सप्टेंबरपासून लायडनला जायचं, चार वर्षं. अट एकच: इथला माझा तीन वर्षांचा रुग्णसेवेचा कोर्स जूनमध्ये पुरा व्हायला हवा. त्यातलं एक प्रात्यक्षिक राहिलंय.

दादाला आणि आईला मी हे उद्या फोनवर सांगेन. तुला आधी लिहायचं होतं.

रोज फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं वाटेल तुला. पण आपला फोन कायम स्पीकरवर असतो, आईच्या पलंगावर. तू स्वयंपाकघरातून "बरी आहे, तुम्ही बोला" म्हणतेस आणि संपतं. तुझ्या व्हॉट्सॲपवर लिहावं तर दादा तुझ्याच फोनवर क्रिकेट बघत असतो. चैत्राली, माझी इथली मैत्रीण, बुधवारी पुण्याला येतेय. तिच्याबरोबर पाकीट देतेय आणि तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. सोबत डब्यात स्ट्रूपवाफल आहेत, इथली पाक भरलेली बिस्किटं. दादाला दोनच दे, मग उरलेले लपव.

आमचं बरं चाललंय. शिरीष आठवड्यातून तीन दिवस ट्रामने हेगला ऑफिसला जातो आणि उरलेले दोन दिवस घरातून मोठ्यामोठ्याने मीटिंगा करतो. संहिता सोळाची झाली. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, शिरीष मधूनच इंग्रजीत ओरडतो. जागा मिळाल्याचं कळल्यावर शिरीष म्हणाला, "म्हणजे अजून चार वर्षं मी भाजी चिरायची?" मग स्वतःच उठून चहा टाकला. त्याला आनंद झाला की तो चहा टाकतो.

ही जागा कशी मिळाली ते सांगते. कारण मला जे लिहायचंय ते तिथूनच सुरू होतं.

इथे माझ्यासारख्या, म्हणजे साध्या कोर्समधून पदवीकडे जाणाऱ्यांची निवड होते. जीवशास्त्राची परीक्षा, एक प्रात्यक्षिक आणि एक निबंध. जीवशास्त्र मी संहिताच्या पुस्तकांवरून केलं. हाडांची डच नावं स्वयंपाकघरातल्या कपाटांना चिकटवली होती. शिरीष अजून मसाल्याच्या कपाटाला मांडीचं हाड म्हणतो. ती परीक्षा मी पहिल्या फेरीत पास झाले. नापास झाले ते मला सगळ्यात सोप्या वाटलेल्या प्रात्यक्षिकात.

मी आठवड्यातून तीन दिवस ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथे दे ग्राफ नावाचे गृहस्थ आहेत. ब्याऐंशी वर्षांचे. जन्मभर हेगमध्ये ट्राम चालवली. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. त्यांना खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जायचं होतं आणि मला ते करवून घ्यायचं होतं. हानेकबाई कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या. आजोबा उठायला लागले, अर्ध्यावर अडले, आणि मी पटकन त्यांचं कोपर धरलं. दुसरा हात पाठीला लावला. जवळजवळ उचललंच त्यांना. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी सुटकेस नाही."

हानेकबाई हसल्या आणि मला नापास केलं.

इथे पहिल्या महिन्यातच शिकवतात, रुग्णाजवळ उभं राहायचं, पण हात पाठीमागे बांधून. पडणार असेल तरच पुढे करायचे. जे तो स्वतः करू शकतो ते आपण केलं, तर आपण ते त्याच्याकडून काढून घेतो. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. आणि मनात म्हटलं होतं, कसली कोरडी माणसं आहेत ही. आपल्याकडे पाण्याचा पेला हातात देणं म्हणजे माया. इथे पेला दोन हात लांब ठेवतात आणि बघत बसतात.

दुसऱ्या खेपेला मी खरोखर बोटांत बोटं अडकवून हात पाठीमागे धरले. खुर्ची ते खिडकी, अकरा मिनिटं लागली. मध्ये दोनदा ते थांबले. एकदा शिवी दिली, मला की पायाला ते कळलं नाही. खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी बाहेर बघितलं आणि म्हणाले, "चार नंबर उशिरा येतोय." मला ट्राम दिसलीसुद्धा नाही वहिनी. मला आपली चिंचवडची खोली दिसत होती.

तुला कळलं असेलच मी कुठे येतेय. तरी मला ते पूर्ण लिहू दे. दोन वर्षं मी ते अर्धंच आठवत आलेय.

आई न्हाणीघरात पडली, ऑपरेशन झालं आणि बाराव्या दिवशी मी पोचले. बॅग दारात होती अजून. आई वॉकर धरून पॅसेजमध्ये उभी होती, रडत होती, आणि तू दोन पावलांवर उभी राहून म्हणत होतीस, "आई, अजून चार पावलं. स्वयंपाकघरात तुमचा चहा ठेवलाय." मी काय बघितलं? सासूला रडवणारी सून. मावशी बसली होती, शेजारचे दामोदरकाका बसले होते, दादा होता. आणि मी त्या सगळ्यांसमोर म्हटलं, "तिची स्वतःची आई असती तर तिने असं चालवलं असतं का?" तू काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "मी तिकडे हेच शिकतेय, मला कळतं."

पाच महिने झाले होते मला शिकायला लागून. चादर न सुरकुतता घालायला शिकले होते.

मग मी वॉकर उचलून बाल्कनीत ठेवला, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे. तीन आठवडे आईला पलंगावरून उतरू दिलं नाही. भरवलं, भांडं दिलं, पाय चेपले. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझी लेक आली आणि माझे हाल संपले. मला ते ऐकायला फार आवडायचं. हे कबूल करणं सगळ्यात जड जातंय. विमानात मी रडले ते आईला सोडून आले म्हणून, पण आत कुठेतरी समाधान होतं की लांब राहणाऱ्या मुलीनेच खरं केलं.

मी गेल्यावर तू वॉकर परत आत आणलास, ते दादाने सांगितलं. आईने हात लावला नाही. "मंजूने सांगितलंय, मला त्रास द्यायचा नाही," असं म्हणाली. तू महिनाभर प्रयत्न केलास. त्यानंतर पलंग ते चाकाची खुर्ची, एवढंच. दादा म्हणतो वय झालं. मावशी म्हणते नशीब. आणि तू, मला "मंजू" म्हणणारी, तेव्हापासून "मंजूताई, तुम्ही" म्हणायला लागलीस. मी ते लक्षात आलंच नाही असं दाखवलं.

वहिनी, तू बरोबर होतीस. सर्जनने तुला जे करायला सांगितलं होतं तेच तू करत होतीस, आणि जसं करायला हवं तसंच. दोन पावलांवर उभी होतीस तू. मला ते शिकायला परीक्षेत नापास व्हावं लागलं.

आता निबंधाचं. विषय होता, "मदत करताना तुमच्या हातून झालेली चूक." मी आधी एक सोयीस्कर चूक लिहिली, कुणाला तरी गोळी दहा मिनिटं उशिरा दिल्याची. हानेकबाईंनी कागद परत केला. म्हणाल्या, "भाषा चांगली आहे. पण ही चूक तुला टोचत नाहीये." मग मी आईबद्दल लिहिलं. तीन पानं. तुझं नाव घालून. भाषा तपासायला संहिताला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, तीन क्रियापदं दुरुस्त केली आणि डचमध्येच विचारलं, "मामीला हे माहिती आहे?"

मी म्हटलं, सांगणार आहे.

"कधी? जागा मिळाल्यावर?"

तिचं बोलणं असंच असतं हल्ली. पण तसंच झालं ना. तीन अनोळखी परीक्षकांनी ते तुझ्याआधी वाचलं, त्याच्यावर मला गुण दिले, आणि मी आज जागा खिशात घालून तुला लिहितेय. याची मला लाज वाटते. जागा मिळाली नसती तर लिहिलं असतं का? असतं, असं मला म्हणावंसं वाटतं. पण खात्रीने सांगता येत नाही.

आई पुन्हा पूर्वीसारखी चालेल असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं फार झाली. हानेकबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आधी तपासून घ्या, न बघता कुणीही काही सांगू नये. आधार धरून उभं राहता आलं, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चार-पाच पावलं टाकता आली, तरी तुझं आणि तिचं पुष्कळ सुसह्य होईल. तिथल्या चांगल्या फिजिओला घरी बोलवूया. त्यांनी सांगितलेलं आईने ऐकायला हवं, आणि ती ऐकत नाही ते माझ्या शब्दामुळे. म्हणून तो शब्द मलाच मागे घ्यायला हवा. आणि चार भिंतींत नाही. सगळ्यांसमोर बोलले होते.

तीन मेला, रविवारी, आईची पंचाहत्तरी आहे. मावशी येणार, दामोदरकाका येणार. तुमची जेवणं झाली की साधारण दोन वाजता मी व्हिडिओ कॉल करेन. आईला सांगेन, "तेव्हा वहिनीचं बरोबर होतं, माझं चुकलं. तुझं चालणं मी थांबवलं." मावशीला आणि काकांनाही नाव घेऊन सांगेन. आई रडेल. कदाचित माझ्यावर चिडेल, कदाचित तुझ्यावरच, हिने पढवलं म्हणून. तो धोका आहे आणि तो पुन्हा तुझ्याच वाट्याला येईल, कारण मी फोन ठेवून मोकळी होणार. म्हणून तुला आधी विचारतेय. नको असेल तर त्याआधी मला नुसतं "नको" एवढा मेसेज कर. मी त्या दिवशी फक्त शुभेच्छा देईन आणि बाकीचं जुलैत येऊन तोंडावर बोलेन. पाच आठवडे येतेय, चोवीस जूनचं प्रात्यक्षिक संपलं की तिकीट काढते. त्या पाच आठवड्यांत तू सांगशील ते करेन.

मला माफ कर असं लिहून तुझ्यावर उत्तराचं ओझं टाकायचं नाही. दोन वर्षं तिला उचलून खुर्चीत ठेवताना तुझी कंबर गेली, हे मला दादाकडून नाही, व्हिडिओत तू उठताना कसा हात टेकतेस त्यावरून कळलं. आता मला ते बघता येतं. तेवढं तरी शिकलेय.

तुझा मेसेज आला नाही, तर रविवारी दोन वाजता फोन आईच्या हातात दे आणि तू तिच्या शेजारी बस. स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

तुझ्या बाजूने तेव्हा न बोललेली, आणि तीन तारखेला बोलणार असलेली,
मंजूषा