तीन सेकंद उशिराचे बाबा

४ मार्च
दादानं बाबांचा कॉम्प्युटर अपडेट केला! मी मुद्दाम चिठ्ठी चिकटवली होती — अपडेट करू नये. तर म्हणे, "अगं, मशीनच सारखं सांगत होतं." मशीनचं ऐकतो, बहिणीचं नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांना फक्त कुजबुजता येतं. माझा प्रोग्रॅम ती कुजबुज ऐकून त्यांच्या जुन्या, मैदान दणाणून सोडणाऱ्या पीटी मास्तरच्या आवाजात लगेच बोलून दाखवायचा. लगेच, कारण त्यांच्या प्रोसेसरमध्ये एका दमात ढीगभर गणित उरकणारा एक खास सूचनासंच होता. कंपनीच्या लेखी तो चुकून चालू राहिला होता. अपडेटनं तो बंद केला.

आता आवाज तीन सेकंद उशिरा येतो. आई स्वयंपाकघरात पोचलेली असते, आणि मागून रिकाम्या खुर्चीला हुकूम सुटतो.

५ मार्च
अपडेट काढून जुनं परत टाकायला गेले. मदरबोर्डनं चक्क नकार दिला.

९ मार्च
पुढच्या पिढीचा प्रोसेसर आणला, चांगला महागडा. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "ताई, नवीन म्हणजे सगळं जास्तच असतं." घरी तपासलं. तो संच यात मुळातच नाही! प्रगती म्हणतात ती हीच.

दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्ये तो आहे म्हणे. आज आहे. उद्याचा काय भरवसा? त्यापेक्षा प्रोग्रॅमच नव्यानं लिहिते, कुठल्याही मशीनवर पळेल असा.

१५ मार्च
आईचा फोन. "जेवलीस का? एवढी घाई नको करूस."
घाई नको कशी? ऑपरेशननंतर बाबा कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. पुन्हा तसे गप्प झाले तर? मला खरंच भीती वाटते.

२२ मार्च
जमत नाही. ऑफिसात साहेब विचारतात, झोपत नाहीस का. दादा विचारतो, "अजून अपडेट करू का?"

२ एप्रिल
जमलं!! साध्यासुध्या सूचनांवर, पहिल्याइतकंच झटपट. उद्या बाबांकडे. दादालाही बोलावलंय, मुद्दाम.

३ एप्रिल
बाबांनी नवा प्रोग्रॅम टाकू दिला नाही. दादा आईला घेऊन बाजारात गेल्यावर माझा हात धरून म्हणाले — तीन सेकंद उशिरा — "राहू दे, बाळ. आवाज येईपर्यंत ती आता थांबते. माझ्याकडे बघत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, अशी कधी थांबली नव्हती."