मागून आलेला हात

बाबा, गेल्या रविवारी मी ठाण्याकडच्या एका तलावात पोहले, या काठावरून त्या काठाला. मुलींत तिसरी आले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी बी. ए. झाले, घरात पहिलीच, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं आहे; पण आज त्यासाठी लिहायला बसलेले नाही.

तलाव हौदासारखा नसतो. हौदात भिंत येते, हात लावायचा आणि वळायचं. इथे भिंतच नाही. पाणी हिरवं, आपलाच हात कोपराच्या पुढे दिसत नाही, पाणवनस्पती पोटाला घासून जातात. समोरचा काठ कितीही हात मारले तरी तेवढाच लांब.

गिरगावातल्या ज्या हौदावर तुम्ही शिकवायला होता, तिथे दुपारी कोणी नसताना तुम्ही मला पाण्यात उतरवायचात. मी नऊ वर्षांची. एका दुपारी तुम्ही मागून येता, माझी मान धरता आणि खाली दाबता. वर काढून विचारता, "मी कोण?"

"बाबा."

"पाण्यात कसला बाबा? बुडणारा माणूस आहे मी. तुला घेऊन जाणार. लाथ घाल."

मला लाथ घालवत नाही. पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला नाकातोंडात पाणी गेलं आणि मी तुमच्या पोटात लाथ घातली. तुम्ही कठडा धरून खोकत होता आणि हसतही होता. "आता तू बुडायची नाहीस," म्हणालात. मग भजी घेऊन दिलीत. मी ती तिथेच ओकले. "ओकलीस तर ओकलीस," तुम्ही म्हणालात, "विसरू नकोस म्हणजे झालं."

विसरले नाही. कॉलेजातली एक गुजराती मुलगी माझ्याबरोबर सराव करायची. सहा महिने रोज ती माझ्याआधी भिंतीला हात लावत होती. तलावातही ती पुढेच होती. मधोमध तिच्या पायात गोळा आला आणि मी तिला मागे टाकलं. "अगं, थांब," ती म्हणाली, आणि तिने मागून माझा घोटा धरला. मी लाथ घातली. शर्यतीबरोबरच्या होडीतल्या माणसांनी तिला उचललं. तिचे पुढचे दोन दात गेले. मी पोहत राहिले.

संध्याकाळी लालबागला आपल्या चाळीत सगळे जमले. शेजारचे काका म्हणाले, "बापाचं नाव राखलंस गं." तळमजल्यावरचा एक जण म्हणाला, "गुजरातीण ना ती? मुंबई पाहिजे काय यांना? आधी दात बसवून घ्या म्हणावं." आई सोडून सगळे हसले. मागच्याच आठवड्यात चाळीसमोरच्या सभेत मी बोलले होते, संयुक्त महाराष्ट्रासाठी आपलं भांडण सरकारशी आहे, शेजाऱ्याशी नाही. याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी खाली बघून चहा प्यायले.

सोमवारी तिच्या घरी गेले. ओठ सुजून जांभळे झालेले. मला रडू आलं, तर तीच माझी समजूत घालायला लागली. "पाण्यात पाय लागतो गं. तुला मागचं काय दिसणार? तू कशाला रडते?" मी म्हटलं, "हो, पाय लागला." तिच्या आईने पुढे ठेवलेला शिरा मी सगळा संपवला.

हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून तिला सांगता आलं नाही ते इथे लिहिते. तुम्ही शिकवलेली लाथ मी एकदाच घातली, आणि तेवढ्यानेच तिचा हात सुटला होता. मला काही भीती उरली नव्हती. दुसरी मी मागे वळून, तिचा चेहरा बघून मारली.