कासूचा झोका

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार

"ओवीला मालक नसतो गं." भाग्यश्रीताई बावीस वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. मी विद्यार्थिनी, त्या प्राध्यापिका. मी मान डोलावली!

मग तीन महिने सिन्नरजवळच्या वाडीत लंकाबाईंच्या जात्यापाशी बसून मी दोनशे बारा ओव्या वहीत उतरवल्या. पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर ताईंचं नाव. माझं आत, आभारांत, चौथ्या ओळीत, चहा देणाऱ्या शेजाऱ्यांच्या नंतर.

आज ताईंच्याच वाचक मंडळाच्या सहलीला निघालेय. पंचवटीतून मिनीबस. चौदा माणसं, सात तंबू. किल्ला, मंदिर आणि शेवटी 'ओव्यांचं जन्मस्थान' — लंकाबाईंचं घर! जानेवारीत दुसरी आवृत्ती येतेय. त्या अंगणात, सगळ्यांसमोर, माझं नाव मागणार आहे. यावेळी गप्प बसणार नाही.

२१ डिसेंबर

मनमाडजवळ, अंकाई किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम. माझा तंबू तीनदा कोसळला. ड्रायव्हर मुस्तकीमभाई हसले, "मॅडम, तंबू लावताय की पतंग उडवताय?" खुंट्या त्यांनीच ठोकून दिल्या.

गडावर ताईंनी ओवी म्हटली —

चिंचेच्या गं फांदीवर माझ्या कासूचा झोका
वाऱ्यानं हालू द्यावा, हात कुनी लावू नका

टाळ्या. कुणीतरी म्हणालं, "ताई, काय गोड शोधलंत तुम्ही!" ताई लाजल्या. लाजल्या!! मी पाण्याची बाटली उघडत बसले.

२२ डिसेंबर



सकाळी सिन्नरला गोंदेश्वराचं मंदिर पाहिलं. काय पाहिलं, आठवत नाही. मनात वाक्यं जुळवत होते. दुपारी वाडीत पोचलो. लंकाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. पार वाळल्यात, पण मला लगेच ओळखलं. "आली का गं पोरी? लय दिसांनी वाट सापडली!"

ताईंनी पुस्तक उघडून तीच ओवी वाचली. मंडळींनी मोबाइल वर धरले. लंकाबाईंचं सूप थांबलं.

"कासू कोन, माहीत हाय का तुम्हाला?"

"परंपरेतली लेक," ताई म्हणाल्या. "प्रत्येक आईची."

"प्रत्येकीची नाय. माझी. दीड वर्साची व्हती, तापानं गेली. तिचा झोका महिनाभर सोडला नव्हता मी. तवा जुळवली ती ओवी. अजून धा-बारा हायेत तिच्या." मग माझ्याकडे वळल्या. "हिला तर सांगितलं व्हतं. काय गं? तू तवा जेवत व्हती."

जेवत होते. बाजरीची भाकरी, ठेचा. पेन खाली होतं. ऐकलं होतं, डोळेही भरले होते माझे. पण हात धुऊन वही उघडली आणि रकान्यात नेहमीचंच लिहिलं — रचनाकार: अज्ञात. सगळ्याच ओव्यांपुढे तेच लिहीत होते. तशीच पद्धत होती. पुस्तकातही तेच छापलंय. ताईंनी त्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही.

लंकाबाईंनी मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय?"

"ताईंचं नाव."

"आन् माझं?"

मी तोंड उघडलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मिटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "चा घ्या." आणि पुन्हा तूर पाखडू लागल्या.

२३ डिसेंबर

परतीच्या वाटेवर ताई शेजारी येऊन बसल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला. या आवृत्तीला तुझं नाव घालते. माझ्या शेजारी, त्याच टायपात. झालं समाधान?"

बावीस वर्षं हेच हवं होतं.

"आणि लंकाबाईंचं?" मी विचारलं.

"अगं, म्हातारी माणसं भावनेच्या भरात बोलतात. त्यावर संशोधन चालतं का?"

माझं नाव घालायला मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही! हेच सगळ्यात वाईट.

२४ डिसेंबर

लंकाबाईंचं पूर्ण नाव मला माहीतच नव्हतं. तीन महिने त्यांच्या हातचं खाल्लं, आणि आज वाडीत फोन करून विचारावं लागलं. मग ताईंना लिहिलं. त्या नाहीच म्हणतील, तरी लिहिलं: ताई, मुखपृष्ठावर माझं नाव घालू नका, तुमचंही काढा, आणि तिथे एवढंच छापा — लंकाबाई गेणू सांगळे.